वाढती मुले, वाढत्या उड्या

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात २०२५ च्या वसंत ऋतूत मुलांच्या व्हॉलीबॉलला अधिकृत शालेय खेळ म्हणून पहिला हंगाम मिळाला. ओहायो राज्यात हे २०२३ साली झाले होते, युटा राज्यात २०२४ साली. मराठी वाचकाला यात बातमी काय, असा प्रश्न पडेल. आपल्याकडे गावाबाहेरच्या मैदानात किंवा शाळेच्या आवारात दोन खांबांना नेट बांधून संध्याकाळी जो डाव रंगतो, त्यात बहुधा मुलगे आणि बाप्येच दिसतात. अमेरिकेतील शाळांत मात्र चित्र नेमके उलटे आहे. तिथे व्हॉलीबॉल हा मुलींचा खेळ समजला जातो. 'मुलांनी काय व्हॉलीबॉल खेळायचे?' हा प्रश्न तिथल्या अनेक गावांत परवापरवापर्यंत सहज विचारला जाई.

ते आता झपाट्याने बदलते आहे. नववी ते बारावीच्या शाळांतील खेळाडूंची मोजदाद तिथला शालेय क्रीडा संघटनांचा राष्ट्रीय महासंघ दरवर्षी करतो. २०१८-१९ या वर्षात शालेय व्हॉलीबॉल खेळणारी मुले ६३ हजारांच्या आसपास होती. २०२३-२४ मध्ये हा आकडा ८५ हजारांच्या पुढे गेला. म्हणजे मधली करोनाची वर्षे धरूनही सुमारे एक तृतीयांश वाढ झाली. याच शाळांत व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुली पावणेपाच लाखांच्या घरात आहेत आणि अमेरिकन फुटबॉल खेळणारी मुले दहा लाखांहून अधिक. त्यांच्यापुढे मुलांच्या व्हॉलीबॉलचा आकडा अजून लहान आहे, पण त्याचा वेग मोठा आहे.

आरोग्याच्या दृष्टीने ही बहुतांशी आनंदाची बातमी आहे. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. हा खेळ मुलांच्या आयुष्यात चौदा-पंधराव्या वर्षी शिरतो आहे, आणि उड्यांचा भार सोसण्याच्या बाबतीत गुडघा ज्या काळात सर्वांत हळवा असतो, तो नेमका हाच काळ आहे.

मुले मागे का राहिली होती?

याचे उत्तर १९७२ सालच्या एका कायद्यात आहे. 'टायटल नाइन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलगा-मुलगी असा भेद करण्यास मनाई केली. खेळाच्या मैदानावरही मुलींना बरोबरीची संधी देणे भाग पडले. मुलांच्या एकट्या फुटबॉल संघातच डझनावारी खेळाडू असत. तेव्हा मुलींसाठी नवे संघ उभे करताना शाळांनी ज्या खेळांना पसंती दिली, त्यात व्हॉलीबॉल आघाडीवर होता. एक सभागृह, एक नेट आणि काही चेंडू एवढ्यावर काम भागत होते. मुलींच्या खेळासाठी ही फार चांगली गोष्ट झाली. पण मुलांचा व्हॉलीबॉल कॅलिफोर्निया, हवाई आणि पूर्वेकडच्या काही राज्यांपुरता उरला. अमेरिकेच्या पुरुष संघाने १९८४, १९८८ आणि २००८ साली ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवले, तरी देशातील बहुसंख्य शाळांत मुलांचा संघच नव्हता.

आता वारे फिरण्याची कारणे अनेक आहेत. मुलींच्या संघासाठी नेट, चेंडू आणि सभागृह आधीपासून तयार आहे. मुलींचा हंगाम शरद ऋतूत असतो आणि मुलांचा बहुतेक ठिकाणी वसंतात, त्यामुळे तेच कोर्ट दोघांनाही पुरते. फुटबॉलमध्ये डोक्याला होणाऱ्या इजांची चर्चा गेली पंधरा-वीस वर्षे सुरू आहे. अनेक पालकांना मुलासाठी धडकाधडकी नसलेला खेळ हवा आहे. 'हाइक्यू' या जपानी चित्रकथेवरील अॅनिमेशन मालिकेने शालेय व्हॉलीबॉलचे वेड जगभरच्या पोरांना लावले, हेही तिथले प्रशिक्षक मोकळेपणाने सांगतात.

या वाढीत डॉक्टरांना सर्वांत मोलाची वाटावी अशी एक बाब आहे. फुटबॉलला लागणारे आडदांड शरीर नसलेली, आधी कुठल्याच शालेय संघात नसलेली कितीतरी मुले व्हॉलीबॉलकडे वळली आहेत. मिनेसोटात तर आशियाई वंशाच्या कुटुंबांतील मुलांचा यात मोठा वाटा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी रोज सरासरी तासभर तरी दमछाक होईल अशी हालचाल करावी. जगातील पाचपैकी चार किशोरवयीन मुले तेवढी करत नाहीत. घरात बसून राहणारा मुलगा आपणहून कोर्टावर जाऊ लागला, तर हृदय, हाडे, वजन, झोप आणि मन या सर्वांचाच त्यात लाभ आहे. म्हणून पुढे जे लिहिले आहे ते मुलांना खेळापासून मागे ओढण्यासाठी नव्हे, ती खेळात टिकून राहावीत यासाठी आहे.

सौम्य खेळाचा झाला उड्यांचा खेळ

व्हॉलीबॉलचा जन्म १८९५ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील होल्योक या गावी झाला. तिथल्या वायएमसीए संस्थेतील शारीरिक शिक्षणाचे संचालक विल्यम मॉर्गन यांच्याकडे मध्यमवयीन व्यापारी आणि नोकरदार व्यायामाला येत. चार वर्षांपूर्वीच जवळच्या स्प्रिंगफील्ड गावात बास्केटबॉल जन्मला होता, पण त्यातली धावपळ या मंडळींना झेपत नसे. त्यांच्यासाठी मॉर्गन यांनी मधे जाळी बांधून चेंडू टोलवण्याचा सौम्य खेळ काढला. जाळीची उंची होती साडेसहा फूट, म्हणजे माणसाच्या डोक्याच्या थोडी वर. उडी मारण्याची गरजच नव्हती.

पुढे चेंडू उंच उचलून देणे आणि उडी घेऊन तो खाली हाणणे हे तंत्र फिलिपिन्समध्ये विकसित झाले, आणि सौम्य खेळाचा उड्यांचा खेळ झाला. आज पुरुषांच्या नेटची उंची २.४३ मीटर आहे. अमेरिकेतील शालेय मुलेही याच उंचीच्या नेटवर खेळतात. चौदा वर्षांच्या अमेरिकन मुलाची सरासरी उंची १६४ सेंटिमीटरच्या आसपास असते. म्हणजे नेटची वरची कड त्याच्या डोक्यापेक्षा जवळपास पाऊण मीटर वर आहे. हात पूर्ण ताणला तरी बोटे कडेला पोहोचत नाहीत. स्मॅश मारायचा, ब्लॉकला जायचे, तर उडी हवीच, आणि तीही पूर्ण ताकदीची. जे नेट वाढ पूर्ण झालेल्या पुरुषासाठी बांधलेले आहे, त्याच्यापुढे वाढ अर्धवट झालेला मुलगा पुन्हा पुन्हा झेपावत असतो.

उंची वाढताना गुडघ्यात काय होते?

मुलांची उंची सर्वांत वेगाने वाढते ती साधारण साडेतेरा-चौदाव्या वर्षी. त्या एका वर्षात नऊ-दहा सेंटिमीटर उंची वाढणे नवलाचे नाही. पँट चार महिन्यांत आखूड होते ते हेच दिवस. काहींमध्ये हा वेग बाराव्या वर्षी येतो, काहींमध्ये सोळाव्या. त्यामुळे एकाच वर्गातील दोन मुलांचे शाळेतले वय सारखे असले, तरी हाडांचे वय दोन-तीन वर्षांनी वेगळे असू शकते.

लांब हाडे वाढतात ती त्यांच्या टोकांजवळील वाढपट्ट्यांतून. या पट्ट्या कूर्चेच्या, म्हणजे मऊ, हाड होण्याच्या वाटेवर असलेल्या ऊतींच्या असतात. जिथे मोठे स्नायू हाडाला पकडतात, तिथेही अशाच कूर्चा असतात. मांडीचा पुढचा स्नायू गुडघ्याच्या वाटीला धरतो. वाटीपासून निघालेली जाड दोरीसारखी कंडरा खाली नडगीच्या हाडावरील एका उंचवट्याला चिकटते. उडी मारताना आणि त्याहूनही अधिक जमिनीवर उतरताना, शरीराच्या वजनाच्या कित्येक पट ताण या दोरीवर येतो. प्रौढ माणसात दोरीचे खालचे टोक पक्क्या हाडात रुजलेले असते. चौदा वर्षांच्या मुलात ते अजून कूर्चेवर असते. त्यात हाडे भराभर लांबतात आणि स्नायूंना त्यांच्याबरोबर ताणले जायला वेळ मिळत नाही. मांडी आखडते आणि प्रत्येक उडीला त्या उंचवट्यावर ओढ बसते.

यातून वाटीच्या चार बोटे खाली दुखू लागते, दाबले की कळ येते, हळूहळू टेंगूळ दिसू लागते. या आजाराला 'ऑसगूड-श्लाटर' म्हणतात. मॅसॅच्युसेट्सचीच राजधानी असलेल्या बोस्टनमधील डॉ. रॉबर्ट ऑसगूड आणि झुरिकमधील डॉ. कार्ल श्लाटर यांनी १९०३ साली, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, त्याचे वर्णन केले. उड्या मारणाऱ्या, धावणाऱ्या बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांमध्ये तो नेहमी आढळतो. असाच त्रास वाटीच्या खालच्या टोकाशीही होऊ शकतो.

दिलासा असा की वाढपट्टी हाडात मिळून गेली की हा आजार बहुतेक मुलांत आपोआप शमतो. पण त्याला वर्ष-दोन वर्षे लागू शकतात. टेंगूळ मात्र राहू शकते आणि गुडघे टेकून बसताना ते टोचते. या काळात मुलाला अंथरुणात बसवण्याची गरज नसते. उड्या कमी करणे, मांडीचे स्नायू रोज ताणणे, खेळानंतर दहा-पंधरा मिनिटे बर्फ फडक्यात गुंडाळून ठेवणे आणि दुखणे ओसरू लागले की स्नायू बळकट करणारे व्यायाम क्रमाक्रमाने वाढवणे, एवढे बहुधा पुरते.

चांगली उडी, मोठा धोका

सोळा-सतरा वर्षांनंतर चित्र बदलते. कूर्चा पक्की होते आणि ताणाचा भार कंडरेवर जातो. वाटीच्या अगदी खाली दुखू लागते. सुरुवातीला खेळून झाल्यावर, मग खेळ सुरू करताना, शेवटी जिना उतरतानाही. याला 'जंपर्स नी', म्हणजे उड्या मारणाऱ्याचा गुडघा म्हणतात. वरिष्ठ दर्जाच्या पुरुष व्हॉलीबॉलपटूंच्या नॉर्वेतील पाहणीत जवळपास निम्म्या खेळाडूंना हा त्रास असल्याचे आढळले होते. ऑसगूड-श्लाटरप्रमाणे तो वयाबरोबर निघून जाईल याची खात्री नसते. काहींना त्यापायी खेळ सोडावा लागतो.

नॉर्वेमध्येच व्हॉलीबॉलचे विशेष शिक्षण देणाऱ्या एका शाळेतील १६ ते १८ वर्षांच्या सुमारे १४० मुलामुलींवर काही वर्षे लक्ष ठेवण्यात आले. शाळेत येताना त्यांचे गुडघे निरोगी होते. मुलींच्या तुलनेत मुलांना जंपर्स नी होण्याची शक्यता तीन ते चार पट अधिक निघाली. सरावाचे तास जितके जास्त, तितका धोका जास्त. सामन्यांत खेळलेल्या सेटची संख्या वाढली की धोका त्याहूनही झपाट्याने वाढत होता. आणि ज्यांना पुढे हा त्रास झाला, त्यांची उडी शाळेत येतानाच इतरांपेक्षा सरस होती.

पालकांनी आणि प्रशिक्षकांनी थांबून विचार करावा असा हा शेवटचा निष्कर्ष आहे. जो मुलगा सर्वांत उंच उडतो त्याचा गुडघा सर्वांत मजबूत, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात तो दर उडीला कंडरेवर अधिक ताण घेतो. शिवाय तो चांगला खेळतो म्हणून प्रत्येक सेटमध्ये त्यालाच उतरवले जाते, बाकीचे बाकावर बसतात आणि त्याला विश्रांती मिळत नाही.

एक साधा हिशेब करून पाहू. समजा, असा मुलगा एका सरावात ८० उड्या मारतो. आठवड्याला चार सराव, म्हणजे ३२० उड्या. दोन सामने, प्रत्येकी ६०, म्हणजे आणखी १२०. आठवड्याच्या झाल्या ४४०, बारा आठवड्यांच्या हंगामाच्या पाच हजारांहून अधिक. शाळेचा हंगाम संपतो न संपतो तोच क्लबच्या उन्हाळी स्पर्धा सुरू होतात. त्यात एका दिवसात तीन-तीन सामने असतात. हाच मुलगा हंगामाआधीच्या महिन्यात आठवड्याला पन्नास उड्याही मारत नसेल, तर पहिल्या पंधरवड्यातच भार आठ-नऊ पट होतो. कंडरा आणि कूर्चा ताणाने बळकट होतात हे खरे, पण त्यांना त्यासाठी आठवडे लागतात. नव्याने सुरू झालेल्या शालेय संघात नेमके हेच घडण्याची भीती असते. उत्साह दांडगा, मुले नवखी आणि हंगाम आखूड.

घोटा, डोके आणि खांदा

अचानक होणाऱ्या इजांमध्ये पाय मुरगळणे पहिल्या क्रमांकावर आहे. ब्लॉक करून उतरताना नेटखाली दुसऱ्याच्या पावलावर पाय पडतो आणि घोटा वळतो. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता जास्त असते. नॉर्वेत खेळाडूंना उडी आणि उतरण्याचे तंत्र शिकवून, एका पायावर तोल सांभाळण्याचे व्यायाम देऊन या इजा जवळपास निम्म्यावर आणता आल्या होत्या. त्यासाठी महागडे साहित्य लागले नाही.

डोक्याला मार बसण्याचे प्रमाण फुटबॉलपेक्षा बरेच कमी असले, तरी शून्य नाही. जोरकस स्मॅश चेहऱ्यावर आदळतो, चेंडू वाचवताना दोघे एकमेकांवर आपटतात. मारानंतर मुलगा गोंधळलेला दिसला, डोके दुखू लागले, मळमळले किंवा काही क्षणांचे आठवेनासे झाले, तर त्या दिवशी त्याने पुन्हा कोर्टावर जाऊ नये. डॉक्टरांनी तपासून परवानगी दिल्यावरच परतावे. अमेरिकेत २००९ साली वॉशिंग्टन राज्याने याविषयी पहिला कायदा केला. आज सर्व राज्यांत तसे कायदे आहेत.

खांद्याचे दुखणे हळूहळू येते. शेकडो सर्व्हिस आणि स्मॅशनंतर खांद्याच्या मागच्या बाजूचा स्नायू बारीक होऊन तिथे खळगा दिसू लागला, तर नस दाबली गेली असण्याची शक्यता असते. अशा वेळी तपासणी हवी.

कधी थांबू नये?

गुडघेदुखीची बहुतेक मुले घरच्या काळजीने बरी होतात, पण काही खुणा दिसल्या तर वेळ घालवू नये.

उडी घेताना गुडघ्यात 'कट्' असा आवाज होऊन मुलगा कोसळला आणि त्याला पाय सरळ करता येत नसेल, तर नडगीवरचा तो उंचवटा तुटून वर ओढला गेलेला असू शकतो. तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांत हे घडते. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

मुलगा लंगडतो, गुडघा दुखतो म्हणतो, पण गुडघ्यात काही सापडत नाही. पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेले दिसते. अशा वेळी दोष खुब्यात असू शकतो. वाढीच्या वयात, विशेषतः वजन जास्त असलेल्या मुलांत, खुब्याच्या हाडाचा गोळा जागेवरून सरकतो आणि दुखते मात्र गुडघ्यात. उशीर झाला तर खुबा कायमचा बिघडतो.

रात्री झोपेतून उठवणारी वेदना, खेळ बंद केल्यावरही वाढत जाणारी सूज, ताप किंवा घटते वजन दिसले, तर एक्स-रे काढलाच पाहिजे. हाडाचा कर्करोग दुर्मीळ आहे, पण किशोरवयात तो गुडघ्याजवळच अधिक आढळतो. 'खेळताना लागले असेल' म्हणून महिने काढणे महागात पडते.

आणखी एक. सामन्याआधी वेदनाशामक गोळी घेऊन मुलाला उतरवू नये. दुखणे ही त्या वाढपट्टीची एकमेव भाषा आहे. गोळीने ती गप्प होते, ताण तसाच राहतो.

मोजायचे काय?

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला सोपा आहे. आठवड्यातून निदान एक-दोन दिवस खेळाला सुट्टी आणि वर्षातून मिळून दोन-तीन महिने त्या एका खेळापासून दूर. त्या महिन्यांत पोहावे, सायकल चालवावी, दुसरा एखादा खेळ खेळावा. रात्रीची आठ ते दहा तासांची झोपही उपचाराइतकीच मोलाची आहे.

प्रशिक्षकांना त्यात भर घालता येते. सरावातला बराच भाग सर्व्हिस घेणे, पास देणे, जमिनीवरचा बचाव यांना देता येतो. तिथे उडी लागत नाही. लिफ्टरही हल्ली उडी मारूनच चेंडू उचलून देतो, त्यामुळे त्याच्या उड्याही धरायला हव्यात. ज्याची उंची गेल्या काही महिन्यांत भसकन वाढली आहे, त्याच्या उड्या तेवढ्या काळापुरत्या कमी कराव्यात. चांगल्या खेळाडूला सेटच्या मधे बाकावर बसवणे ही शिक्षा नव्हे, हे त्याला आणि त्याच्या आईवडिलांना आधीच सांगून ठेवावे.

हे सगळे आपल्याकडे लागू होत नाही असे कुणी समजू नये. आपल्याकडे आठवी-नववीतला उंच पोरगा गावच्या मोठ्यांच्या संघात स्मॅशर म्हणून ओढला जातो. तो मोठ्यांच्याच उंचीच्या नेटवर खेळतो, पायाखाली सिमेंट किंवा कडक माती असते आणि पायात पातळ तळाचे बूट. दुखले तर 'चोळ जरा तेल, होईल बरं' एवढ्यावर विषय संपतो. गुडघ्याला मिनेसोटा आणि मिरज यांत फरक कळत नाही.

यासाठी खर्चिक यंत्रे लागत नाहीत. घरी एक वही ठेवावी. महिन्याच्या पहिल्या तारखेला भिंतीशी उभे करून मोजलेली उंची, दर आठवड्याच्या उड्यांचा अंदाज आणि खेळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे शून्य ते दहांत किती, एवढ्या तीन नोंदी. खेळताना दुखणे तीनच्या आत राहिले आणि सकाळपर्यंत शमले, तर खेळू द्यावे. सकाळचा आकडा लागोपाठ वाढत गेला, तर त्या आठवड्यात उड्या निम्म्या कराव्यात आणि तरी उतरला नाही, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. त्या तीन रकान्यांवरून डॉक्टरांना जे कळेल, ते नुसत्या एक्स-रेवरून कळायचे नाही.